‘कंडिशन एकदम मस्त’ म्हणजे नक्की काय: सेकंडहँड जाहिरातींच्या अ‍ॅपचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार. आधीच सांगून टाकलं म्हंजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. जे दोन कापलेत ते फक्त आणि फक्त वस्तूंच्या वर्णनासाठी कापलेत, बाकी अ‍ॅपबद्दल माझी फार तक्रार नाही. नाव लिहीत नाहीये कारण मी असली तीनचार अ‍ॅप्स वापरते आणि या बाबतीत सगळी एकाच माळेचे मणी आहेत. मी घेते पण आणि विकते पण, लॅपटॉप, फोन, कपाटं, कॅमेरा, वॉशिंग मशीन असं बरंच काही हातातून गेलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतेय.

चांगलं पटकन उरकते. जाहिरात टाकायला काही मिनिटं लागतात, किती अंतरातलं सामान दाखवायचं ते ठरवता येतं, फोन नंबर न देता चॅट करता येतं, सर्च सेव्ह केला की तसली वस्तू आली की नोटिफिकेशन येतं. हे सगळं नीट चालतं. पैसे द्यायला लागत नाहीत. ठीक.

आता वर्णन. जाहिरात टाकताना अ‍ॅप काय काय विचारतं बघा: टायटल, कॅटेगरी, किंमत, फोटो, आणि ‘कंडिशन’ म्हणून एक यादी, त्यात नवीन, नव्यासारखं, चांगलं, बरं असले चार पर्याय. मग खाली एक मोकळा रकाना, त्यात काहीही लिहा. कमीत कमी अमुक अक्षरं हवीत अशी अट आहे, तर लोक ‘मस्त मस्त मस्त मस्त’ असं चिकटवून ती पुरी करतात, जाहिरात पास. वस्तू किती जुनी आहे हा प्रश्न नाही. काय चालत नाही हा प्रश्न नाही. कधी दुरुस्त केली का, उघडली का, काही बदललं का, नाही. म्हंजे जे घेणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवं तेच सांगायची सक्ती नाही, आणि जे कोणालाच मोजता येत नाही ते ‘नव्यासारखं’ मात्र टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझं सगळं म्हणणं यातच आलं खरं तर. लोक लबाड आहेत म्हणून वर्णनं फसवी होतात हे अर्धंच खरंय, फॉर्मच असा बनवलाय की फसवं वर्णन लिहिणं सोपं आणि खरं लिहिणं जास्तीचं काम.

साफ खोटं लिहिणारे असतात, पण माझ्या अनुभवात ते कमी. आणि ते पकडणं पण सोपं, कारण खोटं बोलणाऱ्याला एक फोटो जास्त मागितला की तो गायब होतो. डोक्याला ताप होतो तो अर्धवट खऱ्याचा. एकेक शब्द खरा आणि सगळं मिळून चुना.

लॅपटॉपचं बघा, कारण इथे सगळ्यात जास्त झोल आहे. ‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, विंडोज ११ टाकलेलं, बॅटरी बॅकअप उत्तम, ऑफिस वापर.’ यातलं काहीच खोटं नसेल आणि तरी तो लॅपटॉप घेण्यासारखा नसेल. आय सेव्हन नावाचे प्रोसेसर इंटेलने २००८ पासून कितीतरी वर्षं काढलेत, त्यामुळे नुसतं ‘आय सेव्हन’ वाचून काहीही कळत नाही, त्याच्यापुढचा नंबर बघायला लागतो. २६२० असेल तर ती दुसरी पिढी, ८५५० म्हंजे आठवी, ११६५ म्हंजे अकरावी. दुसऱ्या पिढीच्या आय सेव्हनला अकराव्या पिढीचा साधा आय थ्री आरामात मागे टाकतो, पण जाहिरातीत सेव्हन मोठा दिसतो आणि थ्री लहान. विंडोज ११ चं तर अजूनच. मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर धरतं आणि टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची एक चिप पण मागतं, पण त्या तपासणीला बगल देऊन जुन्या मशीनवर पण ते बसवता येतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मला तरी तेव्हापासून दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवर ‘विंडोज ११ आहे’ असं ठळक लिहिलेल्या जाहिराती जास्त दिसायला लागल्यात. आहे की! खोटं कुठाय? फक्त पुढचे अपडेट नीट येतील याची कोणी हमी देत नाही, ते लिहिलेलं नसतं.

आणि बॅटरी. एका सेलरशी झालेलं बोलणं असं:

दादा, बॅटरी किती वेळ चालते?
एकदम ओके आहे मॅडम.
ओके म्हंजे किती तास?
ते तुमच्या वापरावर आहे ना आता.

यावर वाद घालण्यात काही अर्थ नसतो. मी त्यांना सांगितलं, कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी लिहा, स्पेस द्या, मग स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट लिहा, एंटर मारा, एक फाइल तयार होईल, तिच्यातल्या डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी या दोन ओळींचा स्क्रीनशॉट पाठवा. विंडोजमध्येच असतं हे, काही डाउनलोड करायला लागत नाही. बिचाऱ्याने पाठवला, आणि बॅटरी मूळच्या निम्मीपण उरलेली नव्हती. त्यांनाच धक्का बसला, कारण लॅपटॉप कायम टेबलावर चार्जर लावून वापरलेला, बॅटरीवर चालवायची वेळच आली नव्हती. म्हंजे तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं, आणि माहीत नसताना ‘उत्तम’ लिहून मोकळा झाला होता. असले सेलर खूप आहेत, आणि त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो, त्यांना मोजायला लावायचं. मोजलं की बहुतेक जण स्वतःहून भाव कमी करतात, हे माझ्या बघण्यात आलंय.

फोनमध्ये उलटा प्रकार. चार-पाच वर्षं जुना फोन आणि ‘बॅटरी हेल्थ १००’ असं अभिमानाने लिहिलेलं. अरे मग बॅटरी बदललीय ना? बदलली तर वाईट काही नाही, उलट बरंच, पण कुठली टाकली ते सांग की. आयफोन असेल तर आयओएस १५.२ पासून पुढे सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी दिसते, बॅटरी, डिस्प्ले वगैरे बदललेलं असेल तर तिथे लिहून येतं, ओरिजिनल आहे की अनोळखी तेपण. सगळ्या मॉडेलला सगळे पार्ट दिसत नाहीत, पण त्या पानाचा स्क्रीनशॉट मागायला काय जातं. आणि एक, ‘आयडी विसरलोय, तुम्ही रिसेट मारून घ्या’ असं वर्णनात किंवा चॅटमध्ये आलं की तिथेच बाय. २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आलं तेव्हापासून मालकाच्या अकाउंटमधून बाहेर न काढलेला फोन रिसेट करून वापरता येत नाही, आणि ज्याला पासवर्ड माहीत नाही तो मालक आहे का हाच पहिला प्रश्न. कुठलाही फोन असो, डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हंजे त्या फोनचा ओळख नंबर येतो, तो खोक्यावरच्याशी जुळवून बघायचा. ‘बॉक्ससहित’ लिहिलेलं असतं पण खोकं ह्याच फोनचं आहे असं कुठे लिहिलेलं असतं?

फर्निचरला येते. इथे मापाचा घोळ आणि मालाचा घोळ, दोन्ही. ‘सॉलिड लाकूड’ लिहिलेल्या टेबलांपैकी बरीचशी एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डवर छापील कागद नाहीतर लॅमिनेट चढवलेली असतात. फोटोत कळत नाही कारण फोटो वरूनच काढतात. म्हणून मी फोटो मागते तो खालच्या बाजूचा, ड्रॉवरच्या मागचा आणि स्क्रू बसवलेत तिथला, कारण बोर्ड असेल तर भुसा दिसतो, भोकाच्या कडा फुगलेल्या दिसतात, आणि कडेला चिकटवलेली पट्टी कुठेतरी सुटलेली असतेच. खऱ्या लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात, छापलेल्या रेषा कडेला येऊन संपतात, आणि जरा निरखलं तर तीच गाठ परत परत दिसते. आता बोर्डचं टेबल वाईट असतं असं मी म्हणत नाही हां, माझं स्वतःचं कामाचं टेबल तसलंच आहे आणि छान चाललंय, पण मग किंमत बोर्डची सांगा ना. ‘लेदर सोफा’ हा अजून एक. बाँडेड लेदर म्हणून प्रकार असतो, चामड्याच्या तुकड्यांचा भुगा करून पॉलियुरेथेनने कापडावर चिकटवतात. चामडं आहे का, तर आहे, कणाकणाने. दोन-चार वर्षांत पापुद्रे निघायला लागतात आणि नेमकं तेव्हाच ते विकायला येतं, आणि फोटोत त्या पापुद्र्यांवर उशी असते. उशी उचलून फोटो पाठवा म्हटलं की समोरचा ऑफलाइन.

मापाचं म्हणाल तर ‘मोठं कपाट’, ‘छोटं टेबल’, ‘दोघांना पुरेल’. फोनच्या वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात, त्यामुळे तेच कपाट ऐसपैस दिसतं. मी टेप लावलेला फोटो मागते, तीन बाजूंचे तीन. टेप नाही म्हणाले तर सांगते, ए-फोर कागद शेजारी चिकटवा, तो २१० बाय २९७ मिलिमीटर असतो, तेवढ्यावरून मी हिशेब करते. थोडा वेडेपणा वाटतो लोकांना पण दारातून न जाणारं कपाट परत न्यायला सेलर येत नाही.

मोठ्या मशीनच्या वर्णनात सगळ्यात निरर्थक गोष्ट म्हणजे ‘चालू कंडिशन’. फ्रिजचा दिवा लागला तरी चालू, कॉम्प्रेसर घुरघुरला तरी चालू. थंड होतो का, आणि थंड झाल्यावर कॉम्प्रेसर आपोआप थांबतो का, हे बघायला फ्रिज काही तास सुरू असायला लागतो, म्हणून जायच्या आदल्या रात्री मेसेज करायचा, फ्रिज लावून ठेवा, फ्रीझरमध्ये पाण्याची वाटी ठेवा, मी आल्यावर बर्फ बघेन. गाडीच्या बाबतीत बरोब्बर उलटं. तिथे सांगायचं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. कारण गार इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, धूर कसला येतो, आवाज काय येतो, हे सगळं गरम इंजिनात लपतं. पोचल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघायचा, कोमट लागलं तर समजा तुमच्यासाठी आधीच तयारी झालीय. गाडीचे ‘नवीन टायर’ पण तपासता येतात, टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारा कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३५१९ असेल तर टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. काळं पॉलिश मारून टायर नवा दिसतो, तारीख मात्र पुसता येत नाही. किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वासच ठेवत नाही, पेडलचं रबर आणि सीटची कड किती झिजलीय ते बघते, आकडा कमी आणि रबर गुळगुळीत असेल तर कोणीतरी एक खोटं बोलतंय, आणि रबर बोलत नाही.

कॅमेऱ्याचं एकच सांगते. ‘लेन्स क्लीन’ म्हणजे पुसलेली लेन्स असं समजायचं. आत बुरशी आहे का ते समोरून दिसतच नाही बऱ्याचदा, मागच्या बाजूने टॉर्च मारून तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. विकणाऱ्याला हे माहीत नसतं असंही असतं, तेव्हा लगेच चोर म्हणू नका.

फोटोंबद्दल. वर्णन वाचायच्या आधी मी फोटो मोजते आणि कुठली बाजू नाहीये ते बघते. खुर्चीचे पाच फोटो आणि पाचही डावीकडून, तर उजवीकडे काहीतरी आहे. स्क्रीनचा फोटो बंद असताना, तर चालू केल्यावर काहीतरी दिसतं, रेघ तरी नाहीतर डाग तरी. ओएलईडी टीव्ही किंवा फोन असेल तर पूर्ण स्क्रीन करड्या रंगाची करून फोटो मागायचा, जुन्या चॅनलचा लोगो नाहीतर कीबोर्डची सावली उमटलेली असेल तर तिथे दिसते, रंगीत व्हिडिओत दिसत नाही. कंपनीच्या वेबसाइटवरचा फोटो टाकलेला असेल तर मी पुढे वाचत नाही. शंका असेल तर फोटोवरून उलटा सर्च मारायचा, गूगलवर ही सोय २०११ पासून आहे, तोच फोटो दुसऱ्या तीन जाहिरातींत सापडला की विषय संपला. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे, कागदावर आजची तारीख आणि माझं नाव हाताने लिहून तो वस्तूशेजारी ठेवून फोटो काढा म्हणायचं. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला हे पटकन होण्यासारखं काम आहे. ज्याच्याकडे नाही त्याचा अपमान होतो, ‘विश्वास नसेल तर घेऊ नका’ वगैरे सुरू होतं.

प्रश्न कसे विचारायचे हे पण शिकायला लागतं. ‘कंडिशन कशी आहे?’ याचं उत्तर जगात एकच आहे. ‘काही प्रॉब्लेम आहे का?’ याचं पण एकच. त्यापेक्षा असं विचारायचं ज्याचं उत्तर द्यायला वस्तूजवळ उठून जावं लागेल. शेवटचं कधी वापरलं, सोबत काय काय येणार, कुठलं बटण चालत नाही, आधी कोणी उघडलंय का, बिलावर तारीख काय आहे. ‘कुठलं बटण चालत नाही’ मला फार आवडतो, कारण त्यात चालत नाही हे धरूनच चाललेलं असतं आणि प्रामाणिक माणूस पटकन सांगतो, ‘अहो ते बाजूचं जरा दाबून धरायला लागतं.’ हे सगळं चॅटमध्ये लिहून घ्यायचं, फोनवर नाही. फोनवर काका फार गोड बोलतात आणि नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’.

पण इथे अ‍ॅपची मोठी खोट. सेलरने जाहिरात काढली की माझ्याकडून वर्णन दिसायचं बंद होतं. चॅट राहतं, पण ज्या वर्णनावर भरवसा ठेवून मी गेले ते गायब. शिवाय तुम्ही निघालात की वाटेत असतानाच तो वर्णन बदलू शकतो आणि कधी बदललं, आधी काय होतं, हे अ‍ॅप दाखवत नाही. मी आता प्रत्येक वेळी निघायच्या आधी पूर्ण जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढते, फोटोंसकट. हे काम अ‍ॅपचं आहे, माझं नाही.

रिपोर्टचं बटण आहे, दाबलं की कारणं येतात: स्पॅम, अश्लील, डुप्लिकेट, फ्रॉड, चुकीची कॅटेगरी. ‘वर्णन वस्तूशी जुळत नाही’ हे कारणच नाही! जी तक्रार सगळ्यात जास्त लोकांना असणार तिला खणच नाही. मी ‘फ्रॉड’ निवडून पाठवलं एकदा, उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. बरोबरच आहे, बोर्डाला लाकूड म्हणणं फ्रॉडमध्ये बसत नसेल. आणि सेलरच्या नावापुढे हिरवी टिक असते ना ‘व्हेरिफाइड’ म्हणून, ती फक्त नंबर किंवा ओळखपत्र तपासलंय एवढंच सांगते, वस्तू कोणी बघितलेली नसते. तरी नवीन लोकांना ती टिक वस्तूची वाटते, आणि अ‍ॅपला तसं वाटलेलं चालतं बहुतेक.

रेटिंग पण घ्या. खरेदी झालेली नसताना, नुसत्या चॅटवर स्टार देता येतात. त्यामुळे पटकन रिप्लाय देणारा गोड सेलर पाच स्टार आणि खरं सांगणारा तुसडा साडेतीन. मी स्वतः विकताना बघितलंय, दोष लिहिले की मेसेज कमी येतात. एक जुना प्रिंटर विकला तेव्हा मी सगळं लिहिलं, स्कॅनर चालतो, काळी शाई चालते, रंगीत हेड जाम आहे आणि ते साफ करून बघितलंय, होत नाही. शेजारीच तसल्याच प्रिंटरची दुसरी जाहिरात, ‘उत्तम चालू’. माझ्याकडे चौकशा कमी आल्या, पण जो मुलगा आला त्याला फक्त काळं प्रिंट काढायचं होतं, आला, एक पान काढून बघितलं, घेऊन गेला, घासाघीस पण नाही. ती दुसरी जाहिरात नंतर बरेच दिवस तिथेच लोंबत होती, बहुतेक जो येतोय तो बघून परत जातोय.

याच्यामागचं गणित जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच मांडलंय, जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन. विकणाऱ्याला गाडीचं सगळं माहीत, घेणाऱ्याला काही नाही. मग घेणारा चांगली-वाईट कळत नाही म्हणून मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, मागे राहतात वाईट गाड्या, मग भाव अजून पडतो, मग अजून थोडे बरे लोक जातात. २००१ मध्ये त्याला मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या अ‍ॅपवर एखाद्या कॅटेगरीत सगळाच भंगार माल का दिसतो असा प्रश्न पडला असेल तर हेच चाललेलं असतं. स्पेन्सचं काम सिग्नलवर होतं, म्हंजे चांगला माल असणाऱ्याने असं काय करावं जे वाईट मालवाल्याला परवडणार नाही. मला विचाराल तर ओरखड्याचा जवळून काढलेला फोटो हा तसा सिग्नल आहे, कारण लपवायचंय त्याला तो टाकता येत नाही. अ‍ॅपने अशा जाहिराती वर दाखवायला हव्यात. ते दाखवतं काय, तर ज्याने पैसे भरून बूस्ट केलंय ती.

ईबेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९९५ मध्ये पिअर ओमिडयारने साइट सुरू केली तेव्हा विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. बिघडलाय असं सांगूनच विकायला ठेवला होता. घेणाऱ्याला कळलंय ना म्हणून त्याने विचारलं तर म्हणे तो माणूस बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवत होता. प्रत्येक बिघडलेल्या वस्तूला असा कोणीतरी मिळेलच असं नाही, पण पार्टसाठी घेणारे, दुरुस्त करून वापरणारे भरपूर असतात, आणि ते सर्चमध्ये नेमकं ‘बंद’, ‘पार्टसाठी’ असंच टाकून शोधतात. ‘उत्तम चालू’ लिहिणाऱ्याची जाहिरात त्यांना सापडतच नाही.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर वर्णन आणि वस्तू जुळली नाही तर काय, यावर माझा नियम ठरलेला आहे. राहून गेलेलं असेल, माहीत नसेल, तर भाव कमी करून बोलायला मी तयार असते. पण मी स्पष्ट विचारलेल्या गोष्टीवर लेखी उत्तर खोटं निघालं तर मी भाव करत नाही, निघते. अर्ध्या किमतीत देतो म्हणाले तरी. कारण जी एक गोष्ट मी विचारली तिच्यावर खोटं सांगितलं तर जी विचारली नाही तिचं काय. ‘आता एवढ्या लांब आलात तर’ हे वाक्य हमखास येतं, त्याच्यावर हसून नमस्कार करायचा. आणि वस्तू हातात धरून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स, टोकन, बुकिंग काही नाही, ‘अजून तिघं विचारतायत’ म्हणाले तरी नाही. असतील तिघं, त्यांना द्या.

अ‍ॅपवाल्यांनी हा रिव्ह्यू वाचला तर (वाचणार नाहीत, पण तरी) फार मोठं काही मागत नाहीये. कॅटेगरीप्रमाणे तीन-चार सक्तीचे प्रश्न टाका, लॅपटॉपला प्रोसेसरचा पूर्ण नंबर, फर्निचरला माप, मशीनला खरेदीचं वर्ष, आणि सगळ्यांना एक रकाना, ‘काय चालत नाही’. त्यात ‘सगळं चालतं’ लिहायचं असेल तर लिहू द्या, पण स्वतःच्या हाताने लिहू द्या, म्हंजे नंतर बोट दाखवता येईल. वर्णन बदललं तर जुनं दिसू दे. रिपोर्टमध्ये एक कारण वाढवा. झालं.

तोवर तीन स्टार, आणि मी वापरत राहणार आहे कारण नवीन घेण्यापेक्षा हे मला अजूनही परवडतं आणि खरं सांगायचं तर शोधायला मजापण येते. आत्ताच एक बुकशेल्फ सेव्ह करून ठेवलंय, वर्णनात लिहिलंय ‘खालचा कप्पा ओलीने फुगलाय, फोटो नंबर चार बघा, बाकीचे चार सरळ आहेत, पाठीचा बोर्ड मी नंतर लावलाय’. ताईंना मेसेज टाकलाय, टेप लावून खोली किती भरते तेवढं सांगा.